काठी कुणी कापली?

"आपल्या घरातल्या कुणीतरी माझी काठी कापली आहे. मी नाव घेत नाही. नाव घ्यायची वेळ माझ्यावर आणू नका. ज्याने कापली त्याने स्वतःहून पुढे यावं आणि एका माणसाच्या तीन महिन्यांच्या कष्टांवर करवत चालवताना आपल्याला काय वाटत होतं ते सांगावं!"

हे भाषण मी जेवणाच्या टेबलापाशी उभा राहून केलं तेव्हा टेबलाभोवती एकूण दोन माणसं होती. एक माझी बायको आणि दुसरे माझे बाबा. (नाव न घेण्याचा मोठेपणा दोनच माणसांत फारसा उठून दिसत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.) बायको कानांत कापसाचे बोळे घालून पुस्तक वाचत होती. बाबांना तसंही कमी ऐकू येतं. त्यामुळे माझा आरोप कुणालाच लागला नाही. मला तो दोनदा करावा लागला, आणि दुसऱ्यांदा केलेल्या आरोपात जोर राहत नाही.

पण हे सगळं दारापासून सुरू झालं.

आमच्या आतल्या खोलीच्या दाराला वाळवी लागली होती. एक दिवस मी ते जरा जोरात ओढलं तर बिजागरी माझ्या हातात आली आणि दार बिस्किटासारखं खाली बसलं. सुतार आला. त्याने दाराचा उरलेला भाग खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "पंधरा दिवस लागतील."

"पंधरा? एका दाराला?"

"लाकूड बघायला लागेल. हातात दोन कामं आहेत."

मी मुळात घाईचा माणूस. (चहा कपात पडायच्या आधीच मी फुंकर मारायला लागतो, असं बायको म्हणते.) सुतार गेल्यावर मी खोलीत येरझाऱ्या घालत बोलायला सुरुवात केली. "ही आपल्या शिक्षणाची शोकांतिका आहे बघ. मी सतरा वर्षं शिकलो. समाजशास्त्रात एम.ए. झालो. श्रमाच्या प्रतिष्ठेवर चाळीस पानांचा प्रबंध लिहिला. आणि मला साधी फळी कापता येत नाही! डोक्याने काम करणारे एकीकडे, हाताने काम करणारे एकीकडे. ही दरी कुणीतरी बुजवायला नको का?"

"मग तू बुजव," बायको म्हणाली. ती भाजी चिरत होती. तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता.

माझ्या दृष्टीने सुरू झाला. त्याच दुपारी मी सुताराला फोन करून 'दार नको' म्हणून सांगितलं आणि प्रौढांसाठी सुतारकाम आणि बांधकाम शिकवणाऱ्या एका केंद्रात नाव घातलं. तीन महिने, रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. शेवटी प्रत्येकाने घरासाठी एक वस्तू करायची, मिस्त्री घरी येऊन ती बघणार आणि मगच सर्टिफिकेट देणार.

हे बायकोला सांगितलं तेव्हा तिने सुरी खाली ठेवली.

तिने सुरी का ठेवली तेही सांगायला हवं. तिच्या ऑफिसात वरच्या जागेसाठी एक परीक्षा असते. आयुष्यात दोनदाच बसता येतं. पहिल्या खेपेला ती चार मार्कांनी गेली होती. ते चार मार्क बाबांच्या टीव्हीने खाल्ले, असं तिचं म्हणणं होतं आणि ते खोटं नव्हतं. बाबा बातम्या लावतात तेव्हा त्या आम्ही, वरच्या मजल्यावरचे आणि रस्त्यावरून जाणारे असे सगळे मिळून ऐकतो. तरी तेव्हा निदान वाळवी लागलेलं का होईना, दार होतं. आता दुसरी आणि शेवटची खेप साडेतीन महिन्यांवर आली होती.

"सुतार पंधरा दिवसांत देत होता," ती म्हणाली.

"माझा कोर्स तीन महिन्यांत संपतो. म्हणजे परीक्षेआधीचे पंधरा दिवस, जेव्हा खरा अभ्यास असतो, तेव्हा तुझ्याकडे दार असेल. आणि तो सुतार तुला नुसतं दार देत होता. मी तुला..."

"तू काय देणार?"

"मी तुला एक विचार देतोय."

तिने उठून कपाटातली फुलाफुलांची चादर काढली आणि चौकटीला खिळ्यांनी टांगली. पुढचे तीन महिने माझ्या विचाराची जागा त्या चादरीने भरून काढली.

केंद्र म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड होती. अर्ध्या भागात सुतारकाम, अर्ध्या भागात गवंडीकाम. गवंडीकामवाले रोज एक भिंत बांधायचे आणि जाताना ती पाडून विटा रचून ठेवायचे. मला त्यात फार खोल अर्थ दिसला. मी तिथल्या मास्तरांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "विटा उद्यापण लागतात हो."

आमचे मिस्त्री बुटके, शांत गृहस्थ. कानामागे पेन्सिल. पहिल्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला विचारलं की तुम्ही का आलात. माझ्या शेजारी एक निवृत्त हेडमास्तरीणबाई होत्या. त्या म्हणाल्या, "मला बसायला स्टूल हवंय." (त्या दिवसापासून त्या आमच्या स्टूलबाई.) मग मी उठलो. मेंदू आणि मनगट यांच्यातल्या ऐतिहासिक फारकतीबद्दल मी बारा मिनिटं बोललो. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं," ते म्हणाले. "करवत कुठल्या हाताने धरता?"

मला आठवेना. इतका वेळ बोलताना माझे दोन्ही हात हवेत होते.

मग त्यांनी आम्हाला काठी शिकवली. मिस्त्रींचा टेपवर विश्वास नव्हता. "टेप लावायचा, आकडा कागदावर लिहायचा, कागद खिशात, शर्ट धुवायला. मग आकडा आठवून काम करायचं. असं काम करू नका. एक साधी लाकडाची पट्टी घ्या. चौकटीत उभी धरा, बरोब्बर तेवढी कापा. ती काठी म्हणजे तुमच्या दाराची उंची. वाचायचं काही नाही, विसरायचं काही नाही. काम सुरू करू तेव्हा काठी आणा. तोपर्यंत घरी नीट ठेवा आणि तिला हात लावू नका."

"काठी मोडली तर?" स्टूलबाईंनी विचारलं.

"मोडलेली कळते, बाई. काठी खोटं बोलत नाही."

मी भारावून गेलो. आकड्यांच्या हुकूमशाहीविरुद्ध एका साध्या काठीचं बंड! त्याच संध्याकाळी मी पट्टी आणली, चौकटीत उभी केली, कापली आणि गॅलरीच्या कोपऱ्यात ठेवली. तिथे आधीपासून पडद्याचा जुना दांडा, झाडूची काठी आणि बाबा खिडकी अडकवायला वापरतात ती दांडी असा परिवार उभा होताच.

पुढच्या आठवड्यात पहिला गृहपाठ मिळाला. वीतभर लांबीचा लाकडाचा तुकडा दोन्ही बाजूंनी अगदी सरळ, काटकोनात कापून आणायचा. मला त्याचा विसर पडला. मी त्या दिवसांत 'करवतीचं तत्त्वज्ञान' नावाचा लेख लिहीत होतो आणि तो फारच रंगला होता. वर्गाला निघायच्या दहा मिनिटं आधी आठवण झाली. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून (पलीकडे एका मासिकाचे संपादक होते आणि ते 'लेख जरा लांब वाटतो' असं म्हणत होते) गॅलरीत पडलेलं एक लाकूड ओढलं, गुडघ्याखाली दाबलं आणि कापलं. नशीब असं की त्याचं एक टोक आधीच छान सरळ कापलेलं होतं. एकाच कापात काम झालं.

मिस्त्रींनी तो तुकडा हातात घेतला. लोखंडी गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, कापाला लावला आणि उजेडाकडे धरून पाहिलं. मधून उजेडाची रेषसुद्धा येत नव्हती.

"गाठीतून कापलंय तुम्ही," ते म्हणाले. "गाठीवर करवत पळते. तरी काप एकदम गुण्यात आहे. छान."

मिस्त्री 'छान' हा शब्द महिन्यातून एकदा वापरायचे. त्या महिन्याचा तो मला मिळाला. मी तो तुकडा घरी आणला आणि बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये माझ्या पदवीच्या फ्रेमशेजारी उभा केला. कापाच्या कडेला ती गाठ अर्धी दिसायची. उगवत्या सूर्यासारखी दिसते, असं मी पाहुण्यांना सांगायचो. पाहुणे दोघांकडेही बघायचे, सूर्याकडे आणि माझ्याकडे.

महिन्याने खरं काम सुरू झालं. मी काठी घेऊन गेलो. प्रत्येक फळीला काठी लावून सहा फळ्या कापल्या. फळ्या एकमेकींना जोडून मागून तीन आडव्या पट्ट्या मारल्या. रंधा मारताना निघालेली लाकडाची कुरळी सालपटं मी एका डबीत भरून बायकोला आणून दिली. तिने डबी बाजूला ठेवून विचारलं, "कुठपर्यंत आलं?"

"आलंच."

"माझे अजून तीन पेपर वाचायचे आहेत. आज दुपारभर बाबांचा क्रिकेटचा सामना होता. मी एकच पान सात वेळा वाचलं. त्यातला फलंदाज कोण होता तेही मला आता माहीत आहे."

"दार झालं की तुला जगातलं काही ऐकू येणार नाही," मी म्हटलं. आणि हे मी मनापासून म्हणत होतो, हे कृपया नोंदवून ठेवा.

दार पूर्ण झालं त्या दिवशी स्टूलबाई जवळ येऊन उभ्या राहिल्या. "बाथरूमसाठी आहे का?"

"नाही! खोलीचं आहे."

"बुटकं वाटतंय."

"काठीप्रमाणे आहे."

"आणि फळ्यांचे इतके मोठे तुकडे उरले?"

"काठीप्रमाणे उरले."

मिस्त्रींनीही एकदा दाराकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "काठीला लावून पाहिलंत?"

पाहिलं होतं. दार आणि काठी, एका केसाचाही फरक नव्हता. "मग बरोबर असेल," ते म्हणाले. मी स्टूलबाईंना समजावलं की आमची इमारत जुनी आहे आणि पूर्वीची माणसं उंचीने कमी असायची. (पूर्वीच्या माणसांबद्दल बोललं की सहसा कुणी उलट तपासणी करत नाही.) उरलेले सहा तुकडेही मी घरी आणले. पुढेमागे पुस्तकांचं शेल्फ करायचं मनात होतं.

परीक्षेला बरोबर पंधरा दिवस उरले असताना, दिलेल्या शब्दाप्रमाणे, मी दार घरी आणलं. बायकोला डोळे मिटून बसायला सांगितलं. बिजागऱ्या वरून मोजून मारल्या. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. "उघड डोळे," मी म्हणालो.

तिने वर पाहिलं. वरची कड चौकटीला सुरेख भिडली होती. तिच्या चेहऱ्यावर खरंच, अगदी खरंच, आनंद दिसला. मग तिची नजर हळूहळू खाली उतरली.

"आणि खालचं कधी येणार?" तिने विचारलं.

खाली चांगली वीतभर जागा मोकळी होती. दारापलीकडून बाबांच्या सपाता दिसत होत्या. मग सपाता चालत टीव्हीकडे गेल्या, आणि बातम्या सुरू झाल्या. चादर होती तेव्हा आवाज निदान गाळून यायचा. आता तो त्या फटीतून सरळ आत शिरून पलंगाखालून वर येत होता.

मी गॅलरीत धावलो. काठी आणून चौकटीत उभी केली. ती वीतभर आखूड! म्हणजे दार बरोबर होतं, माझं काम बरोबर होतं, मिस्त्रींचं शास्त्र बरोबर होतं. चुकीचा होता तो माणूस, ज्याने माझी काठी कापली. तिथून मी जेवणाच्या टेबलाशी आलो आणि पुढचं तुम्ही ऐकलंच आहे.

चौकशी पारदर्शक असावी असं माझं मत आहे. मी फ्रीजवर एक कागद लावला. नाव, त्या दिवसांत कुठे होता, करवत वापरता येते का, असे तीन रकाने. बाबांनी लिहिलं, 'झाडूची काठी मी कापली. लांब होती, कपाटाला लागायची.' ही कबुली प्रामाणिक होती. पण गुन्हा दुसराच होता. बायकोने तिसऱ्या रकान्यात लिहिलं, 'या घरात करवत वापरता येणारा एकच माणूस आहे, आणि तसं तोच म्हणतो.' मी हे विधान चौकशीच्या कक्षेबाहेरचं म्हणून खोडलं.

"अरे, ती काठी कुणीही कापलेली असू दे," तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली. आता तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं होतं. "मला गुन्हेगार नकोय. मला दार हवंय. त्या सुताराला फोन कर."

"आणि सत्याचं काय?"

"सत्य परीक्षेला येणार नाहीये. पेपर तीनला जमाखर्च आणि पेपर चारला कार्यालयीन नियम येणार आहेत."

"पण तत्त्व म्हणून..."

तिने कापसाचे बोळे परत कानांत घातले. बाबांनी मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी केला. तो त्यांना ऐकू येईना, म्हणून ते टीव्हीच्या इतके जवळ जाऊन बसले की पडद्यावर बातमी देणारी बाई त्यांच्या मांडीवर बसल्यासारखी दिसत होती.  त्या घरात आपापल्या परीने सगळेच दार झाले होते, फक्त मी चौकशी करत होतो.

रविवारी मिस्त्री आले. परीक्षेला अकरा दिवस राहिले होते. त्यांनी दार पाहिलं, खालची फट पाहिली. मी काठी त्यांच्यासमोर धरली आणि सगळी हकिगत सांगितली. "घरातलं कुणीतरी आहे, मिस्त्री. मी नाव घेत नाही."

त्यांनी कुणाचंच नाव विचारलं नाही. "फळ्यांचे तुकडे उरले होते ना? आहेत का?"

मी सहाही तुकडे आणले.

"प्रत्येक फळीखाली तिचाच तुकडा बसवू. मागून दोन पट्ट्या. तासाचं काम आहे." बायकोने हे ऐकलं असावं, कारण तिने एका कानातला बोळा काढला. "आता फटीचं माप घ्यायला एक छोटी काठी द्या."

मी शोधायला वळायच्या आत त्यांची नजर खोलीभर फिरली आणि शोकेसवर थांबली. त्यांनी माझ्या पदवीच्या शेजारचा तो तुकडा उचलला, गुडघ्यांवर बसले आणि तो दाराखाली उभा सरकवला.

तुकडा बसला. वर दाराला टेकला, खाली जमिनीला टेकला. मधे हवासुद्धा जात नव्हती.

 मिस्त्रींनी तुकडा बाहेर काढला, माझ्या हातातली काठी घेतली आणि दोन्ही टोकं एकमेकांना लावली. काठीवर अर्धी गाठ होती. तुकड्यावर अर्धी गाठ होती. दोन्ही मिळून एक पूर्ण, गोल, तपकिरी गाठ झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. तीन महिने मी पाहुण्यांना उगवता सूर्य दाखवत होतो; मावळता गॅलरीत उभा होता.

 बाबांनी फ्रीजवरचा कागद काढला, घडी केली आणि खिशात ठेवला. बायकोने दुसऱ्या कानातला बोळाही काढला.

"मी नाव घेत नाही," ती म्हणाली.

मी तासभर मिस्त्रींचा हरकाम्या झालो. पकडा म्हणाले की पकडलं, दाबा म्हणाले की दाबलं. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी एक अक्षर बोललो नाही, आणि मला वाटतं त्या तासात मी ती पहिल्यांदाच थोडीफार सांभाळली. सहा तुकडे आपापल्या फळीखाली जाऊन बसले. बायको पुस्तकं घेऊन आत गेली. दार लावलं. कडी वाजली. बाबांनी खुणेनेच मला विचारलं आणि मी मान हलवल्यावर टीव्ही पहिल्यासारखा मोठा केला. आम्ही तिघं दारापाशी उभे राहून ऐकत होतो. आतून ओरड नाही, कुरकुर नाही. थोड्या वेळाने पान उलटल्याचा आवाज तेवढा आला, किंवा मला तरी तसं वाटलं.

"मिस्त्री," मी हळूच विचारलं, "सर्टिफिकेटचं... काही जमेल का?"

मिस्त्री हत्यारं पिशवीत भरत होते. त्यांनी गुण्या पुन्हा बाहेर काढला, माझ्या तुकड्याला लावला, खिडकीच्या उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि तुकडा माझ्या हातात ठेवला.

"दाराचं काही सांगता येत नाही, साहेब," ते म्हणाले. "पण काठी कापलीये मात्र एकदम गुण्यात."